वीस नॉर्मल माणसं

मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला तो एक देखणं, निरोगी जठर शोधत बसला होता. फोटोसाठी. जर्नलच्या तिसऱ्या परीक्षकाने लिहून पाठवलं होतं की तुमच्या आजारी जठरांचे फोटो उत्तम आहेत, पण ज्या नॉर्मल माणसांशी तुम्ही त्यांची तुलना करता त्यांचा एकही फोटो तुमच्या कुठल्याच पेपरात नाही, तेवढा जोडा. मागणी रास्त होती. अकरा वर्षांत कोणी केली नव्हती, एवढंच. जुन्या स्लाइडींचे रंग उडालेले असणार म्हणून त्याने लॅबमधल्या दादांकडून वीसही ब्लॉकचे, मेणात बसवलेल्या जठराच्या तुकड्यांचे, नवे सेक्शन कापून घेतले होते, आणि आता चहाचा कप कोपर लागणार नाही इतका लांब सारून तो निवांतपणे एकेक स्लाइड मायक्रोस्कोपखाली सरकवत होता. मोजायचं काही नव्हतं, कोणाचं निदान द्यायचं नव्हतं. नुसतं डोळ्यांना बरं वाटेल असं काहीतरी हवं होतं, ग्रंथी कशा एका रांगेत, शाळेच्या प्रार्थनेला उभ्या केल्यासारख्या. अकरा नंबर ठीक. बारावर सुरकुती. तेरा बरी. चौदा लावली आणि तो चक्क मोठ्याने "वा" म्हणाला, इतका रंग सुरेख बसला होता. मग त्याने स्लाइड जराशी डावीकडे ढकलली, आणि तिथे त्या बसल्या होत्या.

सहा पेशी. फार तर सात. पोट फुगलेल्या, आतून पांढुरक्या, आणि केंद्रक एका कडेला दाबून चपटं केलेलं, अंगठीत खडा बसवावा तसं. वरच्या थराच्या लगेच खाली, दोन ग्रंथींच्या मधल्या बोळात, सुट्या सुट्या. वर्गात तो दरवर्षी सांगायचा, "ह्या बाकीच्यांसारखी गाठ बांधून बसत नाहीत. पाकीटमारासारख्या गर्दीत मिसळतात. तुम्ही गर्दी बघत राहता आणि पाकीट गेलेलं असतं." पोरं हसायची. हे वाक्य त्याने इतक्यांदा म्हटलं होतं की हसू कुठे येणार ते ठरून गेलं होतं. आता त्याने मायक्रोस्कोपवरून डोळे काढले, समोरच्या कॅलेंडरकडे पाहिलं, त्यावर पांढऱ्या बोटीचं चित्र होतं, बोटीला किती खिडक्या आहेत ते मोजलं, आणि पुन्हा डोळे लावले. जणू तेवढ्यात त्या उठून जाणार होत्या.

त्याला पहिल्यांदा भीती वाटली ती कर्करोगाची नाही. कर्करोग तो रोज बघायचा, दुपारच्या जेवणाआधी पाच आणि नंतर चार. त्याला भीती वाटली ती स्लाइडवरच्या लेबलाची. क, चौदा. क म्हणजे कंट्रोल. म्हणजे ज्यांना काही झालेलं नाही ती माणसं. आणि ती वीस माणसं कोणी परकी नव्हती, ती त्यानेच गोळा केली होती. तेव्हा नॉर्मल जठराचे तुकडे मिळत नव्हते, कारण धडधाकट माणूस उगाच कशाला घशातून नळी घालून घेईल. मग त्याने घरची माणसं पकडली. लॅबमधले, ऑफिसमधले, ग्रंथालयवाल्या बाई, दोन निवासी डॉक्टर, स्वतःची ताई, स्वतःची बायको, दादा, आणि मागे कसं राहायचं म्हणून स्वतः. त्याचा एक मित्र होता, त्याला सगळे दुर्बीणवाला म्हणायचे, त्याने दोन सकाळींत वीसही जणांच्या पोटात डोकावून तांदळाच्या दाण्याएवढे तुकडे काढून दिले. सगळं हसतखेळत चाललं होतं. ऑफिसमधला एक म्हणाला, "सर, माझ्या पोटात काय आहे ते बघायला दुर्बीण कशाला, माझा डबा उघडून बघा." बायकोला त्याने सांगितलं होतं, पाच मिनिटांचं काम, कळतसुद्धा नाही. तिला इतक्या ओकाऱ्या आल्या की डोळ्यांतल्या बारीक रक्तवाहिन्या फुटून ती आठ दिवस लाल डोळ्यांनी फिरत होती. अजून भांडणात ते निघायचं. "तुमच्या त्या जठरासाठी मी काय काय गिळलंय!"

कोणाचा नंबर कोणता ते त्याला माहीत नव्हतं, आणि माहीत नसावं हा नियम त्यानेच केला होता, म्हणजे मोजताना पक्षपात नको. नंबर दादांनी चिठ्ठ्या टाकून दिले होते. यादी बंद पाकिटात संस्थेच्या नीतिसमितीच्या कपाटात होती, आणि ती उघडायची तर अर्ज, सह्या, तीन आठवडे. आणि ज्या दिवशी त्या वीस स्लाइडी तयार होऊन आल्या त्या दिवशी संध्याकाळी पेपर पाठवायची मुदत संपत होती. वीसही स्लाइडी त्याने एका बैठकीत संपवल्या होत्या. हे आता त्याला स्वच्छ आठवलं, खिडकीतून कसलं ऊन येत होतं तेसुद्धा. तो ग्रंथी मोजत होता. मिलिमीटरमध्ये किती, त्यांची उंची किती, आणि पुढची. ग्रंथींच्या मधल्या जागेत काय आहे हे बघायचंच नव्हतं, कारण नॉर्मल माणसात काय बघायचं असतं?

जठराकडे तो आला तोही काही ध्यास घेऊन नाही. तो शिकायला लागला तेव्हा हुशार मुलांनी मेंदू आणि रक्त घेतलं होतं, पोटाला कोणी वाली नव्हता, एक खुर्ची आणि एक अर्धवट मोडलेला मायक्रोस्कोप रिकामा होता. पुढे सत्कारांत, मुलाखतींत तो सांगायला लागला की माझे मामा पोटाच्या कर्करोगाने गेले म्हणून मी या विषयाकडे वळलो. मामा त्या रोगानेच गेले होते, त्यात खोटं काही नव्हतं, पण ते गेले तेव्हा तो या विषयात चार वर्षं मुरलेला होता. ही अदलाबदल इतकी जुनी झाली होती की आता त्यालाही तीच खरी वाटायची. त्या वीस जणांवर त्याने आपली शिडी उभी केली, जठराचा थर नॉर्मलपासून कर्करोगापर्यंत कसकसा बिघडत जातो त्याच्या सात पायऱ्या. परक्या देशांतले लोक ती वापरत होते. सगळ्यात खालच्या पायरीवर ही वीस माणसं उभी होती, आणि आता त्यातलं एक कोणीतरी मान वर करून त्याच्याकडे बघत होतं.

पाहुणा असेल. ही कल्पना सुचली तसा त्याला जरा श्वास आला. सेक्शन कापला की मेणाची ती तलम पट्टी कोमट पाण्याच्या भांड्यावर तरंगत सोडतात आणि खालून काच घालून उचलतात. कधी आधीच्या रुग्णाचा कण त्या पाण्यात राहून जातो आणि पुढच्याच्या काचेवर येऊन चिकटतो. भलत्याच्या घरात भलताच. लॅबमध्ये त्याला पाहुणा म्हणायचे. कधी पाण्यात नाही, आधीच, मेणाचा ठोकळा बनवताना चिमट्याला लागून यायचा. ब्लॉक आणखी खोल कापत गेलं की पाहुणा कळतो, तो एकटाच पडलेला असतो, आजूबाजूच्यांशी त्याचं नातं लागत नाही.

तो उठून दादांच्या खोलीत गेला. दादा त्याच्याहून तीनच वर्षांनी मोठे, पण सगळी लॅब त्यांना दादा म्हणायची म्हणून तोही म्हणायचा. तेवीस वर्षं ते त्याच्यासाठी कापत होते. मायक्रोटोमसमोर, त्या कापायच्या यंत्रासमोर, बसलेले, एका हाताने चाक फिरवत, दुसऱ्या हातात बारीक ब्रश, आणि पात्याखालून मेणाची रिबीन निघत होती.

"दादा, कंट्रोल चौदाचा ब्लॉक बाहेरच आहे ना?"

"आहे की. चौदा का?" दादांनी चाक थांबवलं. "कोणाचा ते माहितीये मला. सांगू?"

"नको!" तो इतक्या जोरात म्हणाला की दादांनी ब्रश खाली ठेवला. मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "म्हणजे, नियम आहे ना. उगाच कशाला."

"बरं. नियम तर नियम."

"त्याचे जरा खोलचे सेक्शन पाहिजेत. वीस."

"वीस?"

"फोटोसाठी."

दादा त्याच्याकडे बघत राहिले. फार नाही, पाण्यावरची पट्टी उचलायला लागते तेवढा वेळ. "उद्या दुपारपर्यंत देतो," म्हणाले, आणि चाक पुन्हा फिरायला लागलं.

खोलीत परत आल्यावर त्याला कळलं की आपण काय करून बसलो. आता दादांना नाव माहीत होतं आणि रोग माहीत नव्हता, त्याला रोग माहीत होता आणि नाव माहीत नव्हतं. आणि मध्ये एक भिंत, तीही प्लायवूडची, पलीकडून चाकाचा आवाज येत होता. दादा किती सहज म्हणाले, सांगू? हसल्यासारखे. स्वतःचं असतं तर माणूस असं म्हणतो का? नाही म्हणत. म्हणजे दादा नाहीत. एक गेला, एकोणीस राहिले. मग त्यांनी एवढं रोखून का पाहिलं? कीव आल्यासारखं पाहिलं का? तो ते पाहणं पुन्हा पुन्हा काढून तपासायला लागला. त्याला वाटलं ते आपल्याकडे नाही, आपल्या पोटाकडे बघत होते. मग वाटलं, नाही, बायकोचं असेल, म्हणून चेहऱ्याकडे. एकोणीसमधली दोन. ताई धरली तर तीन. दोन निवासी डॉक्टर परदेशी गेलेत, त्यांच्यापैकी कोणाचं असेल तर एक ईमेल लिहायचा, अवघड, पण ईमेलच. ग्रंथालयवाल्या बाई. बाई तशाही खडूस, निवृत्त झालेल्या, मूलबाळ नाही. त्याने चौदा नंबर त्यांच्या अंगावर घालून पाहिला, आणि तो बसतोय असं वाटलं तेव्हा त्याला इतकं बरं वाटलं की त्याने टेबलाची कड धरली. रोज आठ-नऊ अनोळखी माणसांना तो मरण वाटत होता, पण ते त्याने कधी निवडून कोणाला दिलं नव्हतं.

घरी जेवताना तो बायकोकडे बघत होता. ती भात कमी घेते का? आधीपासून कमीच घेते. तिने दोन ढेकर दिले. जेवण झाल्यावर तिने पोटावर हात ठेवला, पण तो साडी सारखी करायला असेल.

"माझ्याकडे काय बघताय असं? मी काय काचेवर आहे?"

"नाही गं. वजन कमी झाल्यासारखं वाटतंय तुझं."

"देव तुमचं भलं करो," ती म्हणाली, "पंचवीस वर्षांत पहिल्यांदा काहीतरी गोड बोललात. दीड किलो वाढलंय. आणि तुमचं ताट तसंच आहे, ते कोणाला ठेवलंय?"

"भूक नाही."

"डॉक्टरला दाखवा कोणातरी. तुम्ही नका बघू, तुम्ही मेलेलंच बघता."

ती सिंकपाशी भांडी लावत होती आणि तो तिच्या पाठीकडे पाहत होता. पाठीच्या पलीकडे पोट, पोटात थर, थरात बोळ. लग्न झालं तेव्हा ती त्याला विचारायची, तुम्हाला माणसं बघताना त्यांच्या आतलं दिसतं का हो, आणि तो म्हणायचा, छे, काहीतरीच. तेव्हा खरंच दिसत नव्हतं. आता त्याला दिसत होतं आणि ते सगळं गुलाबी-जांभळं रंगवलेलं होतं. अंघोळीला गेल्यावर त्याने आरशासमोर बरगड्यांच्या खाली चार बोटं रुतवून बघितली. दुखलं. इतकं दाबल्यावर कोणाचंही दुखेल. त्याने परत दाबलं. बाहेरून तिने विचारलं, "पडलात की काय?" आणि तिचा तो आवाज, नेहमीचा, अर्धा वैतागलेला, ऐकून त्याच्या मनात आलं की आपलं असू दे. पुढच्याच श्वासाला आलं की नको, आपलं नको. दोन्ही खरं होतं आणि दुसरं जास्त खरं होतं.

बुधवारी साडेबाराला दादांनी ट्रे आणून ठेवला. वीस स्लाइडी. तेवीस वर्षांत त्याने इतकं नीट कापलेलं काम पाहिलं नव्हतं, एक सुरकुती नाही, एक ओरखडा नाही, लेबलावरचे आकडे छापल्यासारखे. पहिल्या स्लाइडवर सात पेशी. तिसऱ्यावर अकरा. पाचव्यावर मोजणं त्याने सोडून दिलं. त्या ग्रंथींच्या मधे होत्या, ग्रंथी त्यांना जागा करून देण्यासाठी वाकल्या होत्या, एकीचं बूड त्यांनी वेढून टाकलं होतं. नातं लागत होतं. बाराव्या स्लाइडपर्यंत होत्या, मग संपल्या. पाहुणा नव्हता, घरचंच होतं.

मग त्याने एक गोष्ट केली जी त्याला कालच करता आली असती आणि त्याने मुद्दाम केली नव्हती. अकरा वर्षांपूर्वीची चौदाची मूळ स्लाइड त्याने कपाटातून काढली. रंग फिकुटले होते. काचेवर निळ्या शाईचे ठिपके होते, त्याचेच, मोजलेल्या ग्रंथींवर तो असा ठिपका द्यायचा. आठ ठिपके. सहाव्या आणि सातव्याच्या मधे, जिथे त्याचा पेन उचलून पुढे टेकला होता, तिथे चार पेशी होत्या. पुसट, पण होत्या. शिकाऊ पोराने दाखवल्या असत्या. त्याने स्लाइड डगल्याच्या खिशात टाकली. का टाकली ते त्याला कळत होतं. काच असते, फुटते. नंतर नव्याने झालं असं म्हणता येतं, अकरा वर्षं म्हणजे थोडी नाहीत, कोणी विचारणारही नाही. खिशात तिची कड बोटाला लागत होती.

दादा मायक्रोटोम पुसत होते. खोलीत मेणाचा कोमट वास होता. स्टुलावर त्यांचा डबा तसाच, न उघडलेला.

"बसा, सर."

तो बसला नाही. "चौदा कोण आहे?"

"काल नको म्हणालात."

"आज सांगा."

"आधी तुम्ही सांगा," दादा म्हणाले. "खोलचे वीस सेक्शन तुम्ही फोटोसाठी मागवत नाही. मी काय आज आलोय इथे?"

पलीकडच्या खोलीत कोणीतरी नळ सोडला. तो म्हणाला, "रिंगवाल्या पेशी आहेत."

"खोलपर्यंत?"

"बाराव्यापर्यंत."

"पाहुणा असेल."

"नाही, दादा. पाहुणा नाही."

दादांनी फडक्याची घडी घातली, मग तिची आणखी एक घडी घातली. "वाटलंच मला. सहाव्या का सातव्या सेक्शनला हात जड झाला. म्हटलं, तुम्ही काय म्हणता ते बघू." त्यांनी फडकं टेबलावर ठेवलं. "मीच चौदा, सर."

आणि त्याला भूक लागली. कडकडून. तोंडाला पाणी सुटलं, बायको नाही, ताई नाही, मी नाही, मी नाही, आणि हे सगळं दादांच्या डोळ्यांसमोर चाललं होतं, आणि दादा बघत होते. तेवीस वर्षं त्याचा चेहरा बघूनच ते ओळखायचे की आजची बातमी बरी आहे की वाईट. त्याने चेहरा जागेवर आणायचा प्रयत्न केला. तो येईना.

"वहिनींचं वाटलं होतं ना?" दादांनी विचारलं.

"हो."

"आणि स्वतःचं."

त्याने मान हलवली. मग बसला.

"मला पाठ होता नंबर, म्हणून काल लगेच म्हटलं सांगू का," दादा म्हणाले. "थट्टाच करणार होतो, की घ्या, साहेब, माझं जठर फोटोत जाणार. तर तुम्ही ओरडलात. मग कळलं. पातं नवीन लावलं मग." त्यांनी ब्लेडच्या डब्याकडे बोट दाखवलं. "आपलंच म्हटल्यावर खराब कापून कसं चालेल?"

"दुखतं का कुठे?"

"अधूनमधून. मी म्हणतो वय झालं. बायको म्हणते चहा कमी करा."

"वजन?"

"पट्ट्याला एक भोक पाडलंय जास्तीचं. दिवाण्यासारखं चालतो ना सकाळी, त्याने असेल." ते त्याच्याकडे बघत होते. "त्याने नसेल?"

"त्या वर्षानुवर्षं नुसत्या झोपून राहिलेल्या असू शकतात, दादा. असं होतं. वरच्याच थरात असतील तर काढून माणूस मोकळा होतो."

"असू शकतात म्हणजे?"

"म्हणजे मला माहीत नाही."

दादांनी मान डोलावली, या उत्तराबद्दल त्यांची काही तक्रार नसावी तशी. मायक्रोटोमच्या चाकावर एकदा हात फिरवला. आणि मग त्यांनी ते विचारलं, अगदी साध्या आवाजात, एखादा नंबर विचारावा तसं. "तेव्हापण होतं का हे?"

आता. खिशातल्या हाताला काच लागत होती. सांगता येत नाही, असं एक वाक्य होतं, तयार, कित्येकांना त्याने ते दिलं होतं आणि लोक ते घेऊन घरी जायचे. दादा ते घेऊन घरी गेले असते. त्यांनी विश्वास ठेवला असता, किंवा ठेवला नसता आणि तरी उद्या सकाळी येऊन त्याच्यासाठी कापलं असतं. ह्या दुसऱ्या शक्यतेने त्याला जितकं भ्यायला झालं तितकं दोन दिवसांत कशाने झालं नव्हतं. त्याने हात बाहेर काढला आणि स्लाइड टेबलावर ठेवली, निळ्या ठिपक्यांची बाजू वर.

"होतं."

दादांनी स्लाइड उचलली, उजेडाकडे धरली. नुसत्या डोळ्यांनी त्यात एक गुलाबी ठिगळ दिसतं, बाकी काही नाही.

"कोणी बघितली होती?"

"मी."

"किती वेळ?"

"मिनिटभर." "तेवढाही नसेल."

"हिला मला वीस मिनिटं लागली होती कापायला," दादा म्हणाले. "तुकडा बारीक होता." त्यांनी स्लाइड खाली ठेवली, फेकली नाही, आपटली नाही, नेहमी ठेवतात तशी कडेला धरून ठेवली, आणि तोंड भिंतीकडे करून उभे राहिले. त्यांचे खांदे हलत नव्हते. त्याला वाटलं काहीतरी बोलावं, आणि जे जे सुचत होतं ते सगळं स्वतःसाठी होतं. डबा स्टुलावर होता. त्याला अजून भूक लागलेली होती, ती जात नव्हती.

शेवटी दादाच वळले. डोळे लाल, बाकी चेहरा कोरडा. "पुढे काय करायचं ते बोला. घरी सांगायला काहीतरी हातात पाहिजे."

त्याने दुर्बीणवाल्याला फोन लावला. उद्या सकाळी साडेआठ, उपाशी पोटी, सोबत कोणीतरी. मग दादांच्याच टेबलावर, ब्लॉक आणि ब्लेडचे डबे बाजूला सारून, तपासणीचा फॉर्म घेऊन बसला. हजारो फॉर्म त्याने वाचले होते. भरला नव्हता एकही. पहिल्याच रकान्यात पूर्ण नाव होतं, आणि दादांच्या वडिलांचं नाव त्याला विचारावं लागलं. दादांनी सांगितलं. वय विचारावं लागलं, पत्ता विचारावा लागला, घरचा फोन विचारावा लागला. दादा एकेक सांगत गेले, सावकाश, त्याला लिहायला वेळ मिळेल अशा बेताने. लक्षणं. किती दिवसांपासून. घराण्यात कोणाला. "आईची आई पोटानेच गेली म्हणतात," दादा म्हणाले, "पण तेव्हा सगळेच पोटाने जायचे." तो हसला, दादाही किंचित हसले, आणि दोघंही लगेच थांबले. मग शेवटचा रकाना आला, पूर्वी तपासणी झाली असल्यास कोणी केली, केव्हा केली, निष्कर्ष काय. पेन तिथे थबकला. मग त्याने स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं. निष्कर्षासमोर लिहिलं, नॉर्मल. खाली एक ओळ लिहिली, की मूळ स्लाइडवर रोग हजर होता, माझ्याकडून सुटला. सही केली आणि फॉर्म पुढे सरकवला.

दादांनी तो हातात घेतला. ब्लॉकवरचा नंबर स्लाइडवरच्या नंबराशी रोज जुळवतात तसं प्रत्येक ओळीवर बोट ठेवून वरपासून खालपर्यंत वाचला. वडिलांच्या नावापाशी थोडे थांबले. शेवटच्या रकान्यापाशी जास्त थांबले. मग फॉर्म परत त्याच्याकडे फिरवला.

"तारीख राहिली, सर."

"आजची ना?"

"तेव्हाची," दादा म्हणाले, आणि पेन त्याच्या हातात दिला.